पॅकेज इन्स्टॉल आहे, पण कमांड सापडत नाही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतमाळ आणि वर्धा जिल्ह्यांच्या खेड्यांत मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून पायथन, नोड किंवा लिनक्स शिकणारी मुले, आपले सरकार सेवा केंद्रांचे चालक आणि ग्रामपंचायतींचे संगणक परिचालक यांनी आम्हाला पुन्हा पुन्हा विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे या पानावर एकत्र केली आहेत. प्रत्येकाचे शब्द वेगळे असले तरी तक्रार बहुधा एकच असते. इन्स्टॉल पूर्ण झाल्याचा संदेश दिसला, दिवसभराचा डेटा संपला, आणि कमांड दिल्यावर संगणक म्हणतो की अशी कमांडच नाही.

वाचण्यापूर्वी एक सूचना. येथे कमांडची नावे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. प्रत्यक्ष टाइप करताना ती इंग्रजी कीबोर्डवर, इंग्रजी अक्षरांतच द्यावीत. लिनक्सवर लहान आणि मोठ्या लिपीतील अक्षरे वेगळी मानली जातात, म्हणून जेथे मोठे अक्षर हवे तेथे तसे स्पष्ट सांगितले आहे. अन्यथा सर्व अक्षरे लहान समजावीत.

इन्स्टॉल झालेले असूनही कमांड सापडत नाही, म्हणजे नेमके काय घडते?

नव्याने लागलेल्या सालदाराला मालकाने सांगून ठेवले की विळा लागला तर आधी गोठ्यात पाहा, तिथे नसेल तर बंडीत पाहा, आणि तिथेही नसेल तर घरातल्या कोनाड्यात पाहा. या तीन जागा पाहून झाल्या की सालदार परत येतो आणि विळा नाही म्हणून सांगतो. विळा त्या वेळी वावरातल्या विहिरीजवळ कडुनिंबाच्या फांदीला अडकवलेला असतो. सालदार खोटे बोललेला नाही, आणि विळाही हरवलेला नाही.

टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करण्याच्या खिडकीत, आपण टाइप केलेली ओळ वाचणारा शेल हा प्रोग्रॅम असाच वागतो. त्याच्याजवळ पाथ नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे प्रोग्रॅमना वाचता येणाऱ्या एका नोंदीत, फोल्डरांची एक यादी असते. आपण कमांडचे नाव दिले की तो त्या यादीतील फोल्डर क्रमाने उघडून त्या नावाची चालवता येण्याजोगी फाइल शोधतो, पहिली सापडली की तीच चालवतो, आणि यादी संपली की शोध थांबवतो. संपूर्ण डिस्क तो कधीच धुंडाळत नाही. लिनक्समध्ये या यादीतील फोल्डर अपूर्णविरामाने, म्हणजे कोलनने, वेगळे केलेले असतात आणि विंडोजमध्ये अर्धविरामाने. ही यादी पाहण्यासाठी लिनक्सवर ‘एको $पाथ’ अशी कमांड द्यावी, ज्यात पाथ हा शब्द संपूर्ण मोठ्या लिपीत लिहावा लागतो. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर ‘एको %पाथ%’ आणि पॉवरशेलमध्ये ‘$एन्व्ह:पाथ’ असे लिहावे. इन्स्टॉल करणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल कोठे ठेवली आणि शेल कोठे पाहतो, या दोन गोष्टी जुळल्या नाहीत की ही तक्रार उद्भवते.

मग पॅकेज काढून पुन्हा इन्स्टॉल करावे का?

सहसा करू नये. त्याच पद्धतीने पुन्हा इन्स्टॉल केलेली फाइल पुन्हा त्याच जागी जाऊन बसते, आणि ती जागा यादीत नसल्यामुळे शेलला ती पुन्हा दिसत नाही. पायथनची पॅकेजे आणणारी पिप ही कमांड तर बऱ्याचदा पॅकेज आधीच असल्याचे एका ओळीत सांगून काहीच न करता थांबते. ज्या गावात रोजच्या दीड जीबी डेटावर घरातील सर्वांचे काम चालते आणि टॉवरची रेंज गच्चीवर गेल्याशिवाय मिळत नाही, तेथे हा प्रयोग तीन-चारदा करणे परवडणारे नाही.

तालुक्याच्या ठिकाणी चालणाऱ्या एका प्रशिक्षण वर्गात अशा प्रत्येक तक्रारीवर ‘फॉरमॅट मारा’ हेच उत्तर दिले जात असे. आम्ही स्वतः सुरुवातीचे काही महिने ते निमूटपणे ऐकले आणि दोनदा संपूर्ण विंडोज नव्याने टाकले. दोन्ही वेळा पाथमध्ये एक फोल्डर जोडणे एवढेच काम होते. तेव्हापासून आधी फाइल शोधावी आणि मगच हात लावावा, हा क्रम आम्ही सोडलेला नाही.

संदेशातील कोणत्या शब्दांकडे लक्ष द्यावे?

संदेश अक्षरशः वाचावा, कारण दिसायला सारख्या असलेल्या चार तक्रारींची कारणे अगदी वेगळी असतात. ‘कमांड नॉट फाउंड’ हा लिनक्सवरील संदेश आणि त्याचा विंडोजवरील भाऊ, म्हणजे अमुक नाव ‘इंटर्नल ऑर एक्स्टर्नल कमांड’ म्हणून ओळखता आले नाही असे सांगणारा लांबलचक संदेश, हे दोन्ही पाथच्या यादीत त्या नावाची फाइल मिळाली नाही एवढेच सांगतात. ‘परमिशन डिनाइड’ म्हणजे फाइल मिळाली, परंतु ती चालवण्याची परवानगी नाही. ‘नो मॉड्यूल नेम्ड’ हा संदेश शेलचा नसून पायथनचा आहे. पायथन सुरू झाले आहे आणि त्याला आपली लायब्ररी मिळत नाही, त्यामुळे येथे पाथमध्ये कितीही फेरफार केले तरी उपयोग होत नाही. फाइल डोळ्यांसमोर असताना कधी कधी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ असा संदेश येतो, तो प्रकार सर्वांत फसवा आहे आणि त्याविषयी पेनड्राइव्हच्या प्रश्नात लिहिले आहे.

लिनक्सवर संदेश स्पष्ट नसेल तर लगेच ‘एको $?’ द्यावे. उत्तर १२७ आले तर कमांड सापडली नाही, आणि १२६ आले तर सापडली पण चालवता आली नाही.

फाइल खरोखर कोठे आहे, हे कसे शोधावे?

लिनक्सच्या बॅश शेलमध्ये ‘टाइप -ए’ आणि पुढे कमांडचे नाव दिले की शेलला त्या नावाचे जे जे माहीत आहे ते सर्व क्रमाने दिसते. ‘विच’ ही कमांड लोकांना अधिक परिचित आहे, परंतु ‘टाइप’ हे शेलच्याच आत असल्यामुळे आपण केलेली उपनावेही दाखवते. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टवर यासाठी ‘व्हेअर’ आहे. पॉवरशेलमध्ये मात्र ‘व्हेअर’ या शब्दाला दुसराच अर्थ आहे, त्यामुळे तेथे ते काहीच न दाखवता गप्प राहते. तेथे ‘गेट-कमांड’ वापरावे किंवा ‘व्हेअर.ईएक्सई’ असे पूर्ण नाव लिहावे.

या कमांडही पाथच्या यादीतच पाहतात, त्यामुळे यादीबाहेरची फाइल त्यांना दिसणार नाही. डेबियन आणि उबंटू या लिनक्सच्या प्रकारांवर एपीटी या पॅकेज आणणाऱ्या कमांडने आणलेल्या पॅकेजसाठी ‘डीपीकेजी -एल’ द्यावे. यातील एल मोठ्या लिपीतील असावा, लहान एल दिल्यास पॅकेजची यादी मिळते. मोठ्या एलपुढे पॅकेजचे नाव लिहिले की त्या पॅकेजने डिस्कवर ठेवलेली प्रत्येक फाइल दिसते, आणि त्यांतील ‘बिन’ नावाच्या फोल्डरमधील फाइलींची नावे हीच आपल्या कमांडची नावे. पिपने आणलेल्या पॅकेजसाठी ‘पिप शो -एफ’ वापरावे. त्यातही फाइली दिसतात. सी-डॅक या सरकारी संस्थेची बॉस ही ऑपरेटिंग सिस्टिम डेबियनवर आधारित असल्याने, काही शाळांच्या जुन्या संगणकांवर ती असेल तरी डेबियनसाठी येथे दिलेली बहुतेक उत्तरे तिला लागू पडतात.

पॅकेजचे नाव टाइप केले तरी कमांड का चालत नाही?

कारण पॅकेजचे नाव आणि कमांडचे नाव एकच असावे असा नियम नाही. गावात ज्याला सारे ‘पाटील’ म्हणतात त्याचे सातबाऱ्यावरील आडनाव वेगळे निघते, तसाच हा प्रकार आहे. ‘रिपग्रेप’ पॅकेजची कमांड केवळ ‘आरजी’ ही दोन अक्षरे आहे. पीडीएफमधून मजकूर काढणारी ‘पीडीएफटूटेक्स्ट’ ही कमांड ‘पॉप्लर-युटिल्स’ नावाच्या पॅकेजमध्ये असते. डेबियन आणि उबंटूमध्ये तर काही प्रोग्रॅमची कमांड मुद्दाम बदललेली आहे, कारण ते नाव आधीच दुसऱ्या पॅकेजकडे होते: जगभरच्या मार्गदर्शिकांत ‘बॅट’ असे दिलेले असते आणि उबंटूवर ते ‘बॅटकॅट’ असते, ‘एफडी’ हे तेथे ‘एफडीफाइंड’ होते. उबंटू २०.०४ पासून सुरुवातीला नुसते ‘पायथन’ चालत नाही, ‘पायथन३’ लिहावे लागते. जुनेच नाव हवे असेल तर त्यासाठी ‘पायथन-इज-पायथन३’ नावाचे एक छोटेसे पॅकेज आहे.

या प्रकरणाचे सर्वांत शिकवणारे उदाहरण आमच्याकडे मराठी ओसीआरचे, म्हणजे पानाच्या चित्रातून मजकूर काढण्याचे, आले. एका परिचालकाला गावाच्या जुन्या ठरावांची स्कॅन केलेली पाने मजकुरात आणायची होती आणि त्याने ‘पिप इन्स्टॉल पायटेसरॅक्ट’ करून पाहिले. पायथनने लायब्ररी आनंदाने आयात केली, परंतु पहिल्याच पानावर टेसरॅक्ट इन्स्टॉल नाही किंवा पाथमध्ये नाही असा संदेश आला. त्याने पिपचे पॅकेज काढले, पुन्हा टाकले, आवृत्ती बदलली. संदेश जागचा हलला नाही. ‘पायटेसरॅक्ट’ हा केवळ निरोप्या आहे. पान वाचण्याचे काम करणारा टेसरॅक्ट हा स्वतंत्र प्रोग्रॅम आहे आणि पिप तो आणत नाही. उबंटूवर त्यासाठी ‘टेसरॅक्ट-ओसीआर’ हे पॅकेज एपीटीने घ्यावे लागते, ज्याची कमांड पुन्हा नुसती ‘टेसरॅक्ट’ आहे. मराठीसाठी ‘टेसरॅक्ट-ओसीआर-मार’ हे आणखी एक पॅकेज लागते. त्यात कमांड नसून भाषेची माहिती असलेली फाइल असते, आणि ती वापरण्यासाठी कमांडमध्ये ‘-एल मार’ असे लिहावे लागते. तीन पॅकेजे, तिघांची तीन कामे आणि कमांड एकाचीच. पिपने आणलेले पॅकेज एखाद्या बाहेरच्या प्रोग्रॅमवर अवलंबून आहे का, हे त्या पॅकेजच्या माहितीत सहसा लिहिलेले असते, आणि ते वाचायला दोन मिनिटे पुरतात.

विंडोजवर पायथन टाकले. ‘पायथन’ लिहिल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडते. असे का?

याची दोन कारणे एकाच वेळी काम करत असतात. पहिले असे की, पायथनच्या इन्स्टॉलरच्या पहिल्या पडद्यावर, अगदी तळाशी, पायथन पाथमध्ये जोडण्यासाठी एक चौकट असते आणि ती मुळात रिकामी असते. घाईत ‘इन्स्टॉल नाऊ’ दाबले की ती तशीच राहून जाते. दुसरे असे की, २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या अपडेटपासून ‘पायथन’ आणि ‘पायथन३’ या नावांच्या दोन छोट्या फाइली विंडोजबरोबरच येतात, आणि खरे पायथन पाथमध्ये नसेल तर त्या आपल्याला स्टोअरकडे घेऊन जातात. त्यामुळे पाटी आहे पण दुकान भलत्याच ठिकाणी, अशी अवस्था होते.

तातडीचे काम असेल तर ‘पाय’, म्हणजे इंग्रजी पी आणि वाय ही दोनच अक्षरे, लिहून पाहावे. पायथनच्या नेहमीच्या इन्स्टॉलरबरोबर हा लाँचर येतो आणि तो पाथमध्ये पायथन नसतानाही सहसा चालतो. ‘पाय -एम पिप’ असे लिहून पिपही चालवता येते. कायमचा उपाय करायचा असेल तर तोच इन्स्टॉलर पुन्हा उघडून ‘मॉडिफाय’ निवडावे आणि पुढच्या पडद्यावर पायथन एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्समध्ये जोडण्याची चौकट भरावी. आधीचे पायथन काढून टाकण्याची गरज नसते. स्टोअरकडे नेणाऱ्या फाइली बंद करण्यासाठी सेटिंग्जमध्ये ‘ॲप एक्झिक्युशन एलियासेस’ शोधून पायथनची दोन्ही बटणे बंद करावीत.

हाताने जोडायचे असल्यास दोन फोल्डर जोडावे लागतात, हे बहुतेकांच्या लक्षात राहत नाही. ज्या फोल्डरमध्ये पायथनची मुख्य फाइल आहे तो एक, आणि त्याच्या आतील ‘स्क्रिप्ट्स’ हा दुसरा. पिप आणि पिपने आणलेल्या साऱ्या कमांड या दुसऱ्या फोल्डरमध्ये असतात, त्यामुळे पहिलाच जोडला तर पायथन चालते आणि बाकी काहीच चालत नाही. स्टार्ट मेनूत ‘एन्व्हायर्नमेंट’ असे शोधून आपल्या खात्याच्या व्हेरिएबल्सची खिडकी उघडावी आणि तेथे पाथच्या नोंदीत नव्या ओळी जोडाव्यात. ‘सेटएक्स’ कमांडने पाथ बदलण्याचा सल्ला पुष्कळ व्हिडिओंत दिलेला असतो, तो शक्यतो पाळू नये: ही कमांड १०२४ अक्षरांच्या पुढचा मजकूर कापून टाकते, आणि लांब पाथच्या शेवटी असलेले फोल्डर कायमचे जातात.

पाथ दुरुस्त केला, तरीही जुनाच संदेश येतो. काय राहिले?

जी खिडकी आधीपासून उघडी आहे तिला नवा पाथ कळलेला नाही. प्रत्येक प्रोग्रॅम सुरू होताना आपल्याला सुरू करणाऱ्याकडून पाथची प्रत घेतो आणि नंतर ती आपोआप बदलत नाही. म्हणून टर्मिनल बंद करून नवे उघडावे. व्हीएस कोड या कोड लिहिण्याच्या प्रोग्रॅमच्या आतील टर्मिनल वापरत असल्यास आतले टर्मिनल नव्हे, तर संपूर्ण व्हीएस कोड बंद करून पुन्हा सुरू करावे, कारण आतल्या टर्मिनलला पाथ मिळतो तो त्याच्याकडूनच.

याच्या उलट प्रकारही होतो. प्रोग्रॅम एका फोल्डरमधून काढून दुसऱ्यात टाकला आणि शेल अजून जुन्याच पत्त्यावर जाऊन फाइल नाही म्हणतो. बॅश एकदा सापडलेल्या कमांडचा पत्ता लक्षात ठेवतो. ‘हॅश -आर’ दिले की ती आठवण पुसली जाते.

उबंटूवर पिपने पॅकेज टाकले. पिवळ्या रंगात काही तरी येऊन गेले. ते महत्त्वाचे होते का?

होय, उत्तर तेथेच होते. अमुक स्क्रिप्ट अमुक फोल्डरमध्ये ठेवली असून तो फोल्डर पाथमध्ये नाही, असे पिप स्वतःच त्या पिवळ्या ओळीत सांगते. लाल नाही म्हणून आपण ती वाचत नाही. हा फोल्डर बहुधा आपल्या होम फोल्डरमधील ‘.लोकल/बिन’ असतो.

उबंटूत गंमत अशी की हा फोल्डर पाथमध्ये जोडण्याची सोय ‘.प्रोफाइल’ या फाइलमध्ये आधीच केलेली असते. मात्र लॉगिन होण्याच्या क्षणी तो फोल्डर अस्तित्वात असेल तरच तो जोडला जातो. पहिल्यांदा पिप वापरले तेव्हा फोल्डर नुकताच तयार झालेला असतो, त्यामुळे त्या दिवशी काहीच चालत नाही आणि दुसऱ्या दिवशी संगणक सुरू केल्यावर सारे आपोआप चालू लागते. ‘रात्रीतून दुरुस्त झाले’ म्हणून सांगणारे आम्हाला पुष्कळ भेटले आहेत. लॉगआउट करून पुन्हा लॉगिन करणे एवढाच उपाय येथे पुरतो.

तेवढ्याने झाले नाही तर होम फोल्डरमधील ‘.बॅशआरसी’ या फाइलच्या शेवटी ‘एक्सपोर्ट पाथ="$होम/.लोकल/बिन:$पाथ"’ ही ओळ लिहावी. पाथ आणि होम हे शब्द मोठ्या लिपीत असावेत, आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला मोकळी जागा सोडू नये. ओळीच्या शेवटी असलेले ‘:$पाथ’ विसरू नये. ते राहून गेले की जुनी संपूर्ण यादी जाऊन नवा एकच फोल्डर उरतो, आणि त्यानंतर ‘एलएस’ सारख्या साध्या कमांडही सापडेनाशा होतात. असे झालेच तर घाबरून काही पुसू नये; त्याच खिडकीत ‘एक्सपोर्ट पाथ=/यूएसआर/बिन:/बिन’ असे (येथेही पाथ मोठ्या लिपीत) लिहिले की नेहमीच्या कमांड तात्पुरत्या परत येतात आणि फाइल उघडून चूक सुधारता येते.

पिप आता ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड’ म्हणून नकार देते. पूर्वी तर चालत होते?

डेबियन १२ आणि उबंटू २३.०४ पासून सिस्टिमच्या पायथनमध्ये पिपने थेट पॅकेज टाकण्यास मनाई आहे, कारण त्याने सिस्टिमची स्वतःची कामे बिघडू शकतात. हा दोष नाही. कमांड म्हणून वापरायचा प्रोग्रॅम असेल तर ‘पिपएक्स’ वापरावे आणि एकदा ‘पिपएक्स एन्शुअरपाथ’ द्यावे. प्रकल्पासाठी लायब्ररी हवी असेल तर व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्या प्रकल्पापुरता पायथनचा वेगळा फोल्डर, करावे. नकार मोडून काढण्याचा जो पर्याय संदेशातच लिहिलेला असतो, तो वापरण्याची गरज आम्हाला आजवर पडलेली नाही.

व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटमध्ये टाकलेले पॅकेज दुसऱ्या दिवशी गायब का होते?

गायब होत नाही. एन्व्हायर्नमेंट त्या खिडकीपुरतेच चालू होते. ‘ॲक्टिव्हेट’ केल्याने त्या खिडकीच्या पाथच्या सुरुवातीला एन्व्हायर्नमेंटचा फोल्डर जोडला जातो, मुख्यतः एवढेच घडते. नवी खिडकी उघडली की लिनक्सवर ‘सोर्स व्हीएन्व्ह/बिन/ॲक्टिव्हेट’ आणि विंडोजवर ‘व्हीएन्व्ह\स्क्रिप्ट्स\ॲक्टिव्हेट’ पुन्हा द्यावे लागते. तो फोल्डर दुसरीकडे हलवला किंवा त्याचे नाव बदलले तर आतील कमांड बिघडतात, कारण त्यांत जुना पत्ता पक्का लिहिलेला असतो. अशा वेळी एन्व्हायर्नमेंट नव्याने करणेच सोपे.

एका संगणकावर दोन-तीन पायथन असतील तर पिप एकाचे आणि चालवायला घेतलेले पायथन दुसऱ्याचे, असा घोळ होतो. म्हणून नुसते ‘पिप’ न लिहिता ‘पायथन३ -एम पिप’ अशी सवय ठेवावी. ज्या पायथनने आपण प्रोग्रॅम चालवणार त्याच पायथनमध्ये पॅकेज जाईल, याची खात्री या एका सवयीने होते.

सुडो लावले की सापडत नाही, आणि न लावता सापडते. हे उलटेच नाही का?

सुडो, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने दुसरी कमांड चालवणारी कमांड, आपला पाथ सहसा वापरत नाही. त्याच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर पाथ’ नावाची स्वतंत्र, आखूड यादी असते आणि आपल्या होम फोल्डरमधील कोणताही फोल्डर तीत नसतो. सुडो लावणे खरोखर आवश्यक असेल तर कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा. डेबियनवर ‘एसयू’ने रूट, म्हणजे प्रशासक, झालेल्यांची तक्रार वेगळी असते: डेबियन १० पासून नुसते ‘एसयू’ दिल्यास ‘एसबिन’मधील कमांड सापडत नाहीत, ‘एसयू -’ असे, शेवटी आडवी रेघ देऊन, लिहावे.

नोडच्या एनपीएमने टाकलेली कमांड मिळत नाही. तेथेही हेच का?

तेथेही हेच. एनपीएम ही नोडची पॅकेजे आणणारी कमांड आहे. पॅकेज टाकताना ‘-जी’ लिहिले होते का ते आधी पाहावे. नसेल तर कमांड त्या प्रकल्पापुरतीच आहे आणि ‘एनपीएक्स’ लावून चालवावी लागेल. ‘-जी’ असेल तर ‘एनपीएम प्रीफिक्स -जी’ने फोल्डर कळतो; लिनक्सवर त्याच्या आतील ‘बिन’ आणि विंडोजवर तोच फोल्डर पाथमध्ये हवा. पॉवरशेलमध्ये स्क्रिप्ट चालवणे बंद असल्याचा लाल संदेश आला तर तो पाथचा प्रश्न नाही; ‘सेट-एक्झिक्युशनपॉलिसी रिमोटसाइन्ड -स्कोप करंटयूझर’ हा त्यावरचा नेहमीचा उपाय आहे, किंवा जुन्या कमांड प्रॉम्प्टमध्ये काम करावे.

मित्राकडून पेनड्राइव्हवर आणलेला प्रोग्रॅम चालत नाही. फाइल तर दिसते आहे.

डेटा वाचवण्याचा हा चांगला मार्ग आहे, परंतु त्यात चार अडथळे आहेत. लिनक्सचा शेल आणि पॉवरशेल आपण उभे आहोत त्या फोल्डरमध्ये आपोआप पाहत नाहीत, त्यामुळे नावाआधी लिनक्सवर ‘./’ आणि पॉवरशेलमध्ये ‘.\’ लिहावे लागते. पेनड्राइव्ह बहुधा फॅट पद्धतीने फॉरमॅट केलेला असतो आणि ती पद्धत लिनक्समधील फाइल चालवण्याची परवानगी जपून ठेवत नाही. म्हणून फाइल आधी होम फोल्डरमध्ये आणावी आणि ‘सीएचमॉड +एक्स’ने परवानगी द्यावी.

तिसरा अडथळा म्हणजे तो फसवा ‘नो सच फाइल’चा संदेश. ३२ बिटचा प्रोग्रॅम ६४ बिटच्या लिनक्सवर चालवताना त्याला लागणारा लोडर, म्हणजे प्रोग्रॅम सुरू करून देणारी फाइल, तेथे बहुधा नसतो, आणि शेल न सापडलेल्या लोडरचे नाव न सांगता आपल्याच फाइलचे नाव सांगतो. ‘फाइल’ नावाची कमांड देऊन प्रोग्रॅम कोणत्या प्रकारचा आहे ते पाहावे. चौथा अडथळा विंडोजवर लिहिलेल्या स्क्रिप्टचा: विंडोज प्रत्येक ओळीच्या शेवटी एक जादा अदृश्य अक्षर ठेवते, त्यामुळे पहिल्याच ओळीतील पत्ता चुकतो आणि कधी कधी ‘बॅड इंटरप्रिटर’ असा संदेश ‘^एम’ या खुणेसह येतो. ‘डॉसटूयूनिक्स’ने ती फाइल स्वच्छ होते.

इन्स्टॉल चालू असतानाच वीज गेली. आता अर्धे आहे की पूर्ण?

लॅपटॉपची बॅटरी धड असेल तर हा प्रश्न येत नाही, परंतु आमच्याकडील बहुतेक संगणक जुने आहेत आणि भारनियमनाची वेळ कोणाला विचारून येत नाही. उबंटू आणि डेबियनवर ‘डीपीकेजी -एल’ द्यावे, या वेळी लहान एल, आणि पॅकेजच्या ओळीच्या सुरुवातीची दोन अक्षरे पाहावीत. दोन्ही ‘आय’ असतील तर पॅकेज नीट बसले आहे. दुसरे अक्षर मोठे ‘यू’, ‘एफ’ किंवा ‘एच’ असेल तर काम अर्धवट आहे. अशा वेळी ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ आणि त्यानंतर ‘सुडो एपीटी -एफ इन्स्टॉल’ द्यावे. आधी पूर्ण उतरलेल्या फाइली सहसा डिस्कवर तशाच असतात, त्यामुळे डेटा पुन्हा फारसा खर्च होत नाही.

हाताने दिलेली कमांड चालते, पण क्रॉनमध्ये रात्री चालत नाही.

क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणारा प्रोग्रॅम, याचा पाथ अगदी आखूड असतो, बहुधा ‘/यूएसआर/बिन’ आणि ‘/बिन’ एवढाच, आणि तो आपली ‘.बॅशआरसी’ वाचत नाही. क्रॉनच्या ओळीत कमांडचा पूर्ण पत्ता लिहावा. त्या वेळी संगणकच बंद असेल तर राहिलेले काम क्रॉन नंतर करत नाही. जेथे वीज जाते तेथे त्यासाठी ‘अनाक्रॉन’ पाहावे.

व्हॉट्सॲपवर आलेली कमांड जशीच्या तशी चिकटवली, तरी चूक का दाखवते?

मोबाइलचा कीबोर्ड किंवा वर्ड कधी कधी दोन छोट्या आडव्या रेघांची एक लांब रेघ करतो आणि सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हे करतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, शेलला दिसतो. रेघा आणि अवतरणचिन्हे स्वतः पुन्हा टाइप करावीत. मराठी कीबोर्ड चालू राहिल्याने १ चा आकडा देवनागरीत पडल्याचेही आम्ही पाहिले आहे.

सर्व करून झाले. मदत मागताना काय पाठवावे?

ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव आणि आवृत्ती, पॅकेज कोणत्या कमांडने टाकले ती संपूर्ण ओळ, त्यानंतर दिलेली कमांड, आलेला संदेश आणि पाथची यादी, हे सारे टर्मिनलमधून कॉपी करून मजकूर म्हणून पाठवावे. पडद्याचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवू नये. त्यात बहुधा ट्यूबलाइटचे प्रतिबिंब असते आणि संदेशाची नेमकी शेवटची ओळ कापलेली असते.